द्राक्षं, दूध, आम्ल आणि पाणी: आठवीतल्या मुलीला मिश्रणाची गणितं कशी समजावू?

चिमणीची_आई (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, शिष्यवृत्तीला बसवलंय, आणि गेले आठ दिवस आमच्याकडे रात्रीची भांडी झाली की मिश्रणाच्या गणितांवरून रडारड चालू होते (तिची थोडी, माझी जास्त). शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज सगळं व्यवस्थित येतं तिला. पण दुधात पाणी पडलं की संपलं.

क्लासच्या सरांनी ती तिरप्या वजाबाकीची युक्ती दिलीये, वर एक टक्का, खाली दुसरा, मधे हवा तो, आणि तिरकं वजा करायचं. ती पाठ आहे. पण लावायची कुठे ते माहीत नाही म्हणून ती सगळीकडे लावते आणि जिथे अडतं तिथे सरासरी काढून मोकळी होते. म्हणजे १० लिटर २० टक्क्यांचं आम्ल आणि ३० लिटर ६० टक्क्यांचं एकत्र केलं तर काय होईल, तर म्हणे ४०, कारण २० आणि ६० च्या मधे ४० येतात. अगं पण ६० वालं तिप्पट आहे ना, तर म्हणे मग ते तीनने गुणायचं कुठे?

हे कसंबसं निस्तरलं, पण काल जे आलं त्यात मीच आडवी झाले. "ताज्या द्राक्षांत ८० टक्के पाणी असते, बेदाण्यात २० टक्के पाणी असते, तर १०० किलो द्राक्षांपासून किती किलो बेदाणा मिळेल?" आम्ही दोघींनी मिळून ४० किलो काढलं. ८० होतं, २० राहिलं, म्हणजे ६० किलो पाणी उडालं, उरले ४०. सरळ आहे की नाही? मागे उत्तर २५ दिलंय. मी छपाईची चूक समजून पेनाने खोडून ४० करून ठेवलं, आणि मग झोपायला गेल्यावर डोक्यात आलं की ४० किलोचे २० टक्के म्हणजे ८ किलो पाणी हवं, आणि आमच्या हिशोबात तर त्यात २० किलो पाणी शिल्लक आहे, म्हणजे निम्मं पाणीच! असला बेदाणा कोण घेईल.

आता मला एक्स धरून समीकरण मांडलं तर सुटतं सगळं, पण ती म्हणते आई तू एक्स कशाला धरलास तेच मला कळत नाहीये. सूत्र नकोय, कसं बघायचं ते सांगा कोणीतरी.

बागायतदार_तासगाव

ताई पुस्तक बरोबर हाय, खाडाखोड आधी पुसा. आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा म्हाईत असतं, चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा. १०० ला २५ झाला का न्हाई?

तुमी पाण्याच्या मागं लागलाय म्हणून चुकलाय. पाणी तर उडून चाललंय, त्याचा काय भरवसा. जे उडत न्हाई ते धरा. १०० किलो द्राक्षात ८० पाणी, मग साल, गर, साखर मिळून माल किती? २० किलो. शेडमधी जाळीवर पंधरा दिवस पडू द्या न्हाईतर महिना, ते २० किलो कुठं जात न्हाईत. बेदाणा झाला तवा त्यात पाणी २० टक्के, म्हंजे माल ८० टक्के. मग तेच २० किलो आता ८० टक्के झालं. २० किलो म्हंजे ८० टक्के तर १०० टक्के म्हंजे किती, पोरीला इचारा, ती सांगंल २५.

तुमची चूक कुठं झाली सांगतो. ८० टक्के कशाचं? १०० किलोचं. २० टक्के कशाचं? बेदाण्याच्या वजनाचं, अन ते तर अजून काढायचंच हाय. दोन येगळ्या वजनाचं टक्कं एकातनं एक वजा केलं तुमी. ह्यो घोळ आमच्यातबी व्हतो. घड बुडवायला द्रावण करतो आमी, १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट अन दीड लिटर डिपिंग ऑईल. पोरगं म्हणलं कार्बोनेट अडीच टक्के. म्हणलं बाबा ऑईल सोड बाजूला, पण अडीच किलो घातल्यावर १०० चं वजन १०२.५ झालं की, मंग टक्का २.४४ च. फवारणीत यवढं कोण बघत न्हाई पण परीक्षेत मार्क जातो.

खऱ्या बेदाण्यात पाणी २० न्हाई ठेवत, १५ च्या आसपास ठेवतो, २० ला बुरशी धरंल. गणितवाल्यांनी हिशोब सोपा यावा म्हणून २० धरलं असंल.

टपरीवरचा_चहा

हाहा, पुस्तकाला चुकीचं ठरवून पेनाने खोडणारी आई आमच्या घरी पण होती. फॉलो करतोय धागा, माझा पोरगा पण आठवीतच आहे.

भरती_२०००

ताई एवढं खोलात जाऊच नका. मी पोलीस भरतीची तयारी करतोय, १०० प्रश्न ९० मिनिटं, एका प्रश्नाला एक मिनिट पण नाही, तिथे साल आणि गर कोण मोजत बसणार. शिष्यवृत्तीला पण ७५ प्रश्न ९० मिनिटांत असतात ना. तिरपी पद्धत बेस्ट आहे, फक्त नीट लावा.

तुमचं द्राक्षाचं पण त्यानेच होतं, बघा. द्राक्ष म्हणजे बेदाणा अधिक उडालेलं पाणी, असं उलटं बघायचं. बेदाण्यात पाणी २०, उडालेल्या पाण्यात पाणी १००, मधे ८०. तिरकं वजा केलं की बेदाण्यासमोर १०० वजा ८० म्हणजे २०, पाण्यासमोर ८० वजा २० म्हणजे ६०. प्रमाण १:३. चार भागातला एक बेदाणा, १०० चा चौथा हिस्सा २५. झालं, १५ सेकंद.

आणि काढा-घाला वालं आलं तर सूत्र ठोका. ८० लिटर दुधातून ८ लिटर काढून तेवढंच पाणी घातलं, असं तीनदा केलं, तर ८० गुणिले (१ वजा ८/८०) चा घन. ५८.३२. पाठ करून टाका सरळ, समजून घ्यायला नोकरी लागल्यावर वेळच वेळ आहे.

चिमणीची_आई

तासगावकर दादा, खूप खूप आभार, खोडलेलं होतं ते परत लिहिलं. तिला तुमचं "जे उडत नाही ते धरा" वाचून दाखवलं तर एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली म्हणजे साखर जिथल्या तिथे आहे, फक्त तिचा टक्का वाढला? म्हटलं हो बाई हो!

भरतीवाले दादा, उलटं बघायचं ते भारी आहे, पण तेच तर तिला सुचत नाही ना. आणि खरं सांगू, तिरकं का वजा करायचं, सरळ का नाही, हे मलाही माहीत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले ती ट्रिक आहे.

संकलन_केंद्र (संगमनेर)

ट्रिक वगैरे काही नाही हो, डेअरीत रोजचं काम आहे हे. आमच्याकडे त्याला पिअर्सन चौकोन म्हणतात. मी सांगतो तिरकं का ते, जरा लांबेल.

समजा म्हशीचं दूध ६.५ फॅट, गाईचं ३.५ फॅट, आणि मला ४.५ चं पाहिजे. आता म्हशीच्या दुधाकडे बघा, त्याच्याकडे हव्यापेक्षा २ जास्त. गाईच्या दुधात १ कमी. एकाकडे जास्त, दुसऱ्याकडे कमी, दोघांची उसनवारी लावून द्यायची. म्हशीचं एक लिटर जे २ जास्तीचं घेऊन आलंय ते गाईच्या किती लिटरची भूक भागवेल? प्रत्येकाला १ लागतोय, म्हणजे दोन लिटरची. म्हणून म्हैस १, गाय २. आता चौकोनात बघा, म्हशीसमोर काय आलं? गाईचा फरक, १. गाईसमोर काय आलं? म्हशीचा फरक, २. ज्याच्याकडे जास्तीचं जास्त आहे ते थोडंच लागतं, म्हणून एकाचा फरक दुसऱ्याचं माप होतो. तिरकं ते एवढ्यासाठी. ताळा करून बघा, ६.५ अधिक ३.५ अधिक ३.५ बरोबर १३.५, भागिले ३, साडेचार.

ह्यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, हवा तो टक्का दोघांच्या मधेच पाहिजे, ३.५ आणि ६.५ मिसळून ७ कधीच होणार नाही. असं काही उत्तर आलं तर पोरीने तिथेच थांबायचं. दोन, नुसतं पाणी घालायचं असेल तर पाणी म्हणजे शून्य टक्क्यांचं द्रावण. बरीच पोरं इथेच अडतात, म्हणतात खाली काय लिहू, दुसरा टक्का दिलाच नाहीये.

घरी करायचं असेल तर पिशव्यांवर वाचायला लावा. फुल क्रीम ६ टक्के, स्टॅण्डर्डाइज्ड ४.५, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५. एक लिटर फुल क्रीम आणि एक लिटर टोन्ड एकत्र केलं की साडेचार, इथे तुमच्या मुलीची सरासरी चालते. पण अर्धा लिटर फुल क्रीम आणि एक लिटर टोन्ड केलं तर? अर्ध्या लिटरमधे ६ टक्के म्हणजे ३० मिली, लिटरमधे ३ टक्के म्हणजे पण ३०, एकूण ६०, दीड लिटरमधे. ४ टक्के. साडेचार नाही. (फॅट वजनावर मोजतात, मी इथे लिटरवरच धरलंय, हिशोबापुरतं चालतं.) चहा करता करता होतं हे, वहीसुद्धा नको.

भरतीवाले भाऊ, तुमचं ५८.३२ बरोबर आहे पण घन कुठून आला ते सांगा की. ह्या गणितातला गवळी आम्ही शाळेत होतो तेव्हापासून पाणी घालतोय आणि अजून पकडला गेला नाही. आमच्या केंद्रावर आला तर पहिल्याच वेळी लॅक्टोमीटर बुडवला की डिग्री पडलेली दिसेल, तिसऱ्या वेळेपर्यंत कशाला थांबतोय.

भरती_२०००

@संकलन_केंद्र घन कुठून आला म्हणजे तीनदा केलं म्हणून घन. दोनदा असतं तर वर्ग. बरोबर आहे ना?

संकलन_केंद्र (संगमनेर)

बरोबर, पण त्या मुलीला ५६ का नाही हे पण विचारायचंय बघा. तीनदा आठ म्हणजे २४, ८० वजा २४ बरोबर ५६. हेच येतं सगळ्यांना पहिल्यांदा. दुसऱ्यांदा माप बुडवलं तेव्हा कॅनमधे निव्वळ दूध राहिलंय कुठे, ७२ लिटर दूध आणि ८ लिटर पाणी आहे. आठ लिटरच्या मापात दूध आलं ७.२ आणि पाणी ०.८. म्हणजे ह्या वेळी दूध गेलं कमी. दर वेळी कॅनचा दहावा भाग जातो, म्हणून दुधाचाही दहावाच भाग जातो, उरतात नऊ दशांश. ८० चे ७२, ७२ चे ६४.८, ६४.८ चे ५८.३२. प्रत्येक वेळी नऊ दशांशाने गुणायचं, तुमचं सूत्र हेच म्हणतंय. कोणी उद्या पहिल्यांदा ८ आणि दुसऱ्यांदा १० लिटर काढलं तर तुमचं पाठ केलेलं सूत्र बसेल का? असं गुणत गेलं तर बसेल.

जुना_मास्तर (चाळीसगाव)

धागा उशिरा पाहिला. तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे न राहवून लिहितो.

चिमणीच्या आईंनी विचारलं तो गुणाकार कुठे करायचा, तर पोरीला वहीत तीन रकाने आखून द्या. पहिल्यात एकूण माप, दुसऱ्यात टक्का, तिसऱ्यात खरा माल. १० लिटर, २० टक्के, माल २ लिटर. ३० लिटर, ६० टक्के, माल १८ लिटर. बेरीज फक्त पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याची करायची, ४० आणि २०. मधल्या टक्क्याच्या रकान्याची बेरीज नाही, वजाबाकी नाही, सरासरी नाही, त्याला हात लावायचा नाही. शेवटी २० ला ४० ने भागून तो परत काढायचा, ५० टक्के. माझ्या वर्गात मी मधल्या रकान्यावर लाल खडूने फुली मारून ठेवत असे. टक्के एकमेकांत मिळवता येत नाहीत, माल मिळवता येतो. लिटरची बेरीज लिटरशी होते, टक्का हा भागाकार आहे, दोन भागाकारांची बेरीज अशी आंधळेपणाने होत नाही.

आणि एक गंमत. हे गणित आपल्याकडे फार जुनं आहे. आमच्या चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, तसा १२०७ चा शिलालेख तिथे आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, दुधापाण्याऐवजी सोनं आहे. तेव्हा कस वर्णात मोजत, १६ वर्ण म्हणजे शुद्ध सोनं, आपण आज २४ कॅरेट म्हणतो तसं. सोन्याचे चार तुकडे, वजनं १०, ४, २ आणि ४ मासे (मासा म्हणजे सोनं तोलायचं जुनं वजन), कस १३, १२, ११ आणि १० वर्ण. सगळे एकत्र वितळवले तर कस किती? वजन गुणिले कस करा, १३०, ४८, २२, ४०, बेरीज २४०. एकूण वजन २० मासे. कस १२. आमचे तीन रकानेच की.

पण खरी मौज पुढे आहे. तो विचारतो, हेच २० मासे सोनं शुद्ध करताना घटून १६ मासे उरलं तर कस किती? आणि कस पूर्ण १६ झाला तर वजन किती उरेल? आता हे तुमच्या द्राक्षांसारखंच नाही का, हीण जळून गेलं, सोनं तेवढंच राहिलं. २४० तेवढेच. २४० भागिले १६, दोन्हीकडे १५. एकदा १५ वर्ण, एकदा १५ मासे. पोरीला हे घालून बघा, ते २४० का बदलले नाहीत हे तिने स्वतः सांगितलं की पुढचं मला काही शिकवायचं उरत नाही.

भरतीच्या चिरंजीवांना राग नसावा, तिरपी पद्धत चांगलीच आहे, मीही शिकवली आहे. पण ती दिवाळीनंतर. आधी रकाने.

भरती_२०००

राग कसला मास्तर. सोन्याचं आवडलं, आमच्या ग्रुपवर टाकतो. (पहिल्या तिघांना येईना, चौथ्याने सरासरी काढून ११.५ सांगितलं.)

चिमणीची_आई

तुम्हा सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतायत. काल रात्री रकाने आखून बसलो. सरांच्या वहीतलं एक अडलेलं गणित होतं, २० लिटर ४० टक्के आम्लात किती पाणी घातलं म्हणजे २५ टक्के होईल. तिने २०, ४०, ८ लिहिलं. मग पाण्याची ओळ लिहायला गेली आणि माप माहीतच नाही म्हणून थांबली, मी मुद्दाम गप्प बसले (अवघड असतं हो हे). दोन मिनिटांनी पाण्याच्या टक्क्यात शून्य लिहिलं, मालात शून्य लिहिलं, आणि स्वतःशीच म्हणाली, आई, आम्ल तर ८ च राहणार, हे उलटे बेदाणे आहेत! ८ लिटर म्हणजे २५ टक्के, एकूण ३२, पाणी १२. मग तिरप्या पद्धतीने पण करून बघितलं, ४० आणि ० च्या मधे २५, प्रमाण २५:१५, म्हणजे ५:३, २० ला १२. दोन्हीकडे तेच आलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच इतके दिवस लपवून ठेवलं होतं.

एक्सचं पण आज सकाळी आपणच म्हणाली, त्या रिकाम्या चौकटीत जे लिहायचं राहिलं होतं तोच एक्स ना? मी पोळी लाटता लाटता नुसतं हं म्हटलं.

गवळ्याचं ५८.३२ तिला पटलं पण आवडलं नाही, म्हणते असं किती वेळा केलं तर दूध संपेल? मी म्हटलं कधीच नाही संपणार, दर वेळी नऊ दशांश उरतंच. त्यावर बराच वेळ विचार करून म्हणाली, मग त्याला पकडणार तरी कसं.

बागायतदार_तासगाव

पोरगी हुशार हाय ताई. आता तिला ह्ये घाला. १०० किलो कलिंगडं, त्यात ९९ टक्के पाणी (खरं एवढं नसतंय, गणितापुरतं धरा). उन्हात पडून पाणी ९८ टक्क्यावर आलं. आता वजन किती? आधी घरातल्या मोठ्यास्नी इचारा, मग तिला.

चिमणीची_आई

दादा, तुम्ही आमच्याकडे भांडण लावलंत. सासरे म्हणाले ९९ किलो, एक टक्काच तर गेला. नवरा ९८ म्हणाला आणि वर फोनच्या कॅल्क्युलेटरवर दाखवतो म्हणाला. तिने पानातल्या भाताच्या कडेला बोटाने रकाने काढले, माल १ किलो, आधी १ टक्का होता आता २ टक्के झाला, म्हणून ५० किलो. सासरे मानायलाच तयार नाहीत, एवढी कलिंगडं निम्मी होतील का उन्हात, दुकानदार बुडेल! ती आजोबांना समजावत होती, आजोबा टक्का कशाचा ते बघा ना, आधी १०० चा होता आता ५० चा आहे, आणि आमटी गार होत होती. शेवटी ते म्हणाले बरं ५० तर ५०, पण मी त्या भावात घेणार नाही.